बाजाराची पहिली मूठ

आमच्या सासूबाईंना फसवील असा दुकानदार भूमच्या आठवडी बाजारात अजून तरी बसलेला नाही. हे मी कौतुकानं सांगते आहे आणि थोडं धास्तीनंही, कारण लग्न होऊन आले तेव्हा पहिली काही वर्षं त्या मलाही मेथीच्या जुडीसारखी उलटीपालटी करून बघायच्या. आत कुठं पिवळं पान निघतंय का, ते. मी तोंडाळ. त्या माझ्याहून तोंडाळ. नवरा मधल्या मधे एसटी डेपोत ओव्हरटाइम करायचा.

पण बाजारादिवशी दुपारी आमच्यात तह असायचा. सासूबाई दोन भरलेल्या पिशव्या घेऊन यायच्या, पाय धुवायच्या आणि घराच्या मधोमध फरशीवर बसायच्या. पिशवीला कुणी हात लावायचा नाही. आम्ही सगळ्यांनी भोवती बसायचं, आणि त्या एकेक वस्तू काढून आमच्यापुढं ठेवत सांगायच्या. "ही चाळणी. सांगितले दीडशे, दिले ऐंशी. ही दोरी. सांगितले साठ, दिले पस्तीस, वर हा तुकडा फुकट." निम्म्या वस्तूंची गरज आम्हाला कळायची नाही, पण भाव ऐकून मान हलवावी लागायची. मान हलवली नाही तर पुढची वस्तू बाहेर येत नसे.

पिशवीच्या तळाशी कागदाच्या पुडीत गोडीशेव असायची. ती वाटायचीही एक रीत होती. ज्यानं बाजार केला, त्याची पहिली मूठ. "पाय माझे झिजल्यात," असं म्हणून सासूबाई आधी स्वतः खायच्या, तेही सगळ्यांसमोर, सावकाश. मग नातीला, मग मुलाला, आणि शेवटी मला. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा कागद आणि त्याला चिकटलेला गूळ यायचा. तोही मी सोडत नसे.

मग त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बार्शीला नेऊन ऑपरेशन केलं, रॉड घातला, आणि त्या वॉकर धरून घरी आल्या. डॉक्टरांनी खडबडीत जागी चालायचं नाही, गर्दीत जायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणजे बाजार बंद. त्यांनी डॉक्टरांकडं असं बघितलं की बिचारा दुसऱ्या पेशंटकडं वळला.

पहिले काही बाजार नवऱ्यानं केले. हा माणूस एसटीचं इंजिन नुसतं ऐकून कुठला नट ढिला झालाय ते सांगतो, पण कांदेवाल्याचं बोलणं ऐकून याला काही म्हणजे काही कळत नाही. पहिला भाव कानावर पडला की याचा हात खिशात. घरी येऊन पिशवी स्वयंपाकघरात ठेवायचा आणि अंघोळीला पळायचा. सासूबाई कॉटवरून विचारायच्या, "साबण कितीला घेतलास?" आतून नुसता पाण्याचा आवाज.

तेव्हा मी फोन हातात घेतला. मी इथल्याच एका पतसंस्थेत कारकून आहे. दुसऱ्यांच्या पैशावर दिवसभर नजर ठेवते, तर आपल्या पैशावर का ठेवू नये, असं मला वाटलं. अंगाचा साबण, कपड्याची पावडर, भांड्याचं लिक्विड, चहापत्ती, खोबरेल तेल, फरशी पुसायचं औषध, असं न नासणारं सगळं मी ऑनलाइन मागवायला लागले. सुरुवातीला वाटायचं, मोठा पुडा म्हणजे स्वस्त. तसं नसतं. कधी दोन लहान पुडे एका मोठ्यापेक्षा कमीत पडतात. मी दर वस्तूचा किलोचा आणि लिटरचा भाव काढून बघायची, डिलिव्हरीचे पैसे लागू नयेत म्हणून महिन्याचं एकदम मागवायची, सेल कधी लागतो यावर डोळा ठेवायची. दोन-तीन महिन्यांत किराण्याबाहेरचा आमचा खर्च चांगला तिसऱ्या हिश्शानं खाली आला. मला स्वतःचा अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. पतसंस्थेत सांगितलं, माहेरी सांगितलं, भाजीवालीलासुद्धा सांगितलं.

फक्त घरात सांगायची सोय नव्हती. पार्सल आलं की सासूबाई भिंतीकडं तोंड करून झोपायच्या. दुपारचे चार वाजलेले असोत नाहीतर सकाळचे दहा. मी खोकं फोडायची, सामान फडताळात लावायची, आणि त्यांच्या पाठीकडं बघत भाव सांगायची. पाठ हलायची नाही. नवीन साबण न्हाणीत ठेवला तर त्या जुन्या साबणाची कागदासारखी झालेली चकती शोधून काढायच्या.

एके दिवशी माझा तोल गेला. "आत्या," मी सासूबाईंना म्हणाले, "बाजारापेक्षा स्वस्त आणलंय, मालही चांगला आहे. तुम्हाला नेमकं काय खुपतंय ते एकदा सांगून तरी टाका."

त्या भिंतीकडं तोंड ठेवूनच बोलल्या. "त्या दुकानाला तोंड न्हाय. ना घासाघीस, ना बोलणं. बोटानं टिचकी मारली की सामान दारात. मग मी कशाला हाय? आधी घर माझ्या हातचं खात हुतं. आता मी नुसती बसून खायालेय."

एवढे दिवस मी पैसे वाचवत होते आणि त्या घरातली आपली जागा जाताना बघत होत्या. मला भडभडून आलं, पण रडले असते तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कणीक मळली.

दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पिठासाठी स्टीलचा डबा बघायचा होता. मी फोन घेऊन सरळ त्यांच्या कॉटवर जाऊन बसले. चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला आणि फोटो दाखवला. "हा घेऊ का?"

त्यांनी फोटोकडं नुसतं तिरकं बघितलं. मग न राहवून म्हणाल्या, "वजन किती हाय?"

"दहा किलो पीठ बसतं म्हणे."

"पिठाचं न्हाय गं, डब्याचं. भांडं तोंड बघून घेत न्हाईत, वजनावर घेत्यात."

मी खाली सरकवत गेले. वजन खरोखरच लिहिलेलं होतं, अगदी शेवटी, बारीक अक्षरात. मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाल्या, "पत्रा हाय. पुढचा दाव." पुढचाही पत्रा निघाला. त्याच्या पुढचा जाड होता पण झाकणाला कडी नव्हती. असे कितीतरी डबे आम्ही बघितले. त्या कधी उठून बसल्या ते मला कळलंही नाही. शेवटी एका डब्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो. काय म्हणायलाय?"

"अकराशे."

"नऊशे म्हण."

"आत्या, इथं म्हणता येत नाही. आहे त्या किमतीला घ्यायचं नाहीतर सोडायचं."

"मग सोड. पिशवीत ठेवल्यावानी कर आन् चाल लाग तिथनं."

ही त्यांची जुनी पद्धत. बाजारात त्या वस्तू निवडायच्या, बाजूला काढून ठेवायच्या, दुकानदाराला खात्री वाटू द्यायच्या आणि मग भाव पटला नाही म्हणून चालू पडायच्या. रमतगमत, शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघत, पण मागं वळून मुळीच नाही. चौथ्या दुकानापर्यंत त्याची हाक यायचीच. मी डबा कार्टमध्ये टाकला आणि ॲप बंद केलं. मनात म्हटलं, फोनमधला कोण तुम्हाला हाक मारतोय.

"उघडून बघू नगंस," त्यांनी दम दिला. "माघारी बघितलं की त्येला कळतंय. भाव चढतोय."

मला काही बघितल्याशिवाय राहवत नाही. पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत अंगठा दोनदा तिथपर्यंत गेला. तरी मी बघितलं नाही. सासूबाई संध्याकाळी विचारायच्या, "मारली का हाक?" मी नाही म्हणायची. त्या म्हणायच्या, "मारंल. बोहनी व्हायची असंल."

आणि एक दिवस आम्ही जेवत असताना फोन वाजला. तुमच्या कार्टमधल्या वस्तूची किंमत कमी झाली आहे, असा मेसेज. मी घास हातात धरून किंचाळले. "आत्या! हाक मारली!"

नवरा दचकला, मुलीनं ताट सांभाळलं. सासूबाई मात्र भाकरी मोडत शांतपणे म्हणाल्या, "किती म्हणतोय?"

"नऊशे ऐंशी."

"अजून दोन दुकानं म्होरं चाल."

"दोनच डबे राहिलेत म्हणतोय!"

"तसं समदेच म्हणत्यात. पाठीमागं पोतं भरून ठेवल्यालं असतंय."

डबा हातचा गेला तर त्या परत भिंतीकडं तोंड करतील, ही मला भीती. पण बाजार त्यांचा होता. मी फोन पालथा घातला. पुढच्या खेपेला मेसेज आला तेव्हा भाव नऊशे वीसवर होता, आणि पोतं खरंच भरलेलं असावं, कारण दोन डबे अजून दोनच होते. त्यांनी मान हलवली. मी ऑर्डर केली. पैसे रोखीनं दारात द्यायचे, ही त्यांची अट.

डबा घेऊन आलेला माणूस पन्नाशीचा होता, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पोती बांधलेला. मी त्याला आत बोलावलं, कारण पैसे देणाऱ्या बाई कॉटवर होत्या. त्यांनी डबा मांडीवर घेतला, नखानं टिचकी मारून कानाशी धरला, कडी ओढून बघितली, हातात तोलला. मग कमरेची पिशवी सोडली आणि नऊशे रुपये पुढं केले.

"आजी, नऊशे वीस."

"लांबनं आणलास, उन्हाचा आलास, पाणी पी. नऊशे घे."

"आजी, रेट माझ्या हातात न्हाय हो. कंपनी माझ्याकडनं वसूल करंल."

"तुझ्याकडनं?" त्या एकदम थांबल्या. दुकानदाराशी भांडणं त्यांना आवडतं, पण हमालाच्या खिशातलं त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांनी वीसची नोट काढून दिली, आणि तो गेल्यावर मलाच रागावल्या. "आधी सांगायचं न्हाय का, मालक येगळा आन् आणणारा येगळा म्हणून?" मला हसू आवरत नव्हतं आणि बरंही वाटत होतं.

त्या डब्यापासून खरेदीची गादी त्यांच्या कॉटवर आली. मी भाव काढायची, त्या माल पारखायच्या. आधी घेणाऱ्यांपैकी कुणी काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायची. पाच चांदण्या देऊन नुसतं 'छान' लिहिणाऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. "ह्यो दुकानदाराचा मेव्हणा," म्हणायच्या. तक्रार करणाऱ्याचं मात्र शेवटपर्यंत ऐकायच्या आणि त्याची तक्रार आपल्या कामाची आहे का ते ठरवायच्या. एकदा आम्ही दोघी मिळून फसलो. सुंदर पोळपाट होता, स्वस्त होता, सेल संपत आला होता, आणि घाईत त्याचं माप आम्ही दोघींनीही बघितलं नाही. आला तो भातुकलीतला. त्यावर पुरी लाटली असती तर बाहेर गेली असती. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण पार्सलवाला माणूस येऊन पोळपाट परत घेऊन गेला आणि पैसे खात्यावर जमा झाले, तेव्हा सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. "घेतल्याला माल माघारी घेणारा दुकानदार म्या जन्मात बघितला न्हाय. ह्यो बाजार चांगला हाय की मग." एवढी शाबासकी त्यांनी मलासुद्धा कधी दिली नव्हती.

सगळंच फोनवरून घ्यायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. भाजी बाजारातूनच. डाळ, गूळ, साखर कोपऱ्यावरच्या दुकानातूनच. "अडल्या टायमाला त्यो दार उघडतोय. फोन उघडंल का?"

हळूहळू गल्लीतल्या बायका यायला लागल्या. विहारात वंदनेला जमल्यावर कुणीतरी आमच्या डब्याचा विषय काढला असावा. कुणाला कुकरची रिंग हवी, कुणाला चादरी. कपड्याच्या पावडरीची मोठी गोणी एका घराला जड जायची, म्हणून चौघींनी मिळून मागवली. सासूबाईंनी ती कॉटवर बसून मापानं वाटली, कुणाला चिमूटभर जास्त नाही की कमी नाही. "घेऊ का मावशी?" असं विचारल्याशिवाय गल्लीत कुणी बटण दाबेना. मी पतसंस्थेतून घरी यायची तर कॉटभोवती चार बायका आणि मधे सासूबाई, चष्मा नाकावर. माझ्याच घरात मला चहाला कप शिल्लक नसायचा. आणि मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की मी वाटीत चहा प्यायची.

तरी एक गोष्ट राहिली होती. त्या कॉटवरून उठून न्हाणीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. डॉक्टर म्हणायचे, आता चाला. नवरा म्हणायचा, मी धरतो. "मला बाहीर काय काम हाय?" हे त्यांचं उत्तर. बाहेर पडणं म्हणजे त्यांच्यासाठी बाजार, आणि बाजार तर कॉटवर आला होता. हे मीच करून ठेवलंय की काय, असं मला रात्रंदिवस वाटायला लागलं.

एवढे दिवस पार्सलं माझ्या नावानं यायची. एकदा चादरी आणि बादली मागवताना मी पत्त्यातलं नाव बदललं. सासूबाईंचं पूर्ण नाव घातलं, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट. खाली पत्ता तोच, पाण्याच्या टाकीमागं, विहाराची गल्ली. फोन नंबरही त्यांच्या साध्या फोनचा. त्यांना काही सांगितलं नाही.

तो बाजाराचा दिवस होता. मी सकाळीच जाऊन भाजी आणली होती. दुपारी मोटारसायकल फाटकाशी थांबली आणि त्या माणसानं नेहमीसारखी 'ताई, पार्सल' अशी हाक न देता खोक्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. पूर्ण नाव. गल्लीत दाणे निवडत बसलेल्या बायकांनी माना वर केल्या.

सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. हे नाव त्यांनी मतदान केंद्रावर ऐकलं होतं आणि बार्शीच्या दवाखान्यात. गल्लीत त्यांना कुणी त्या नावानं हाक मारलेली नव्हती. "मला बोलवायलाय का त्यो?"

"तुमचंच पार्सल आहे. तुमच्या नावावर."

"घे की मग तू."

"मी कशी घेऊ? पार्सल सोडवायचा नंबर तुमच्या फोनवर आलाय. ज्याचं नाव त्यानंच सांगायचा."

हे तितकंसं खरं नव्हतं, मी वाचून सांगितला असता तरी चाललं असतं. पण त्या वेळी मी ते कबूल केलं नसतं. मी फोनवरचा नंबर त्यांना एकदाच वाचून दाखवला आणि बाजूला झाले. बाजारात अख्ख्या महिन्याचे भाव डोक्यात ठेवणाऱ्या बाईला चार आकडे काय जड जाणार होते? त्यांनी वॉकर ओढला. पदर नीट केला. उंबऱ्याशी थांबल्या, वॉकर आधी बाहेर ठेवला, मग दुखरा पाय, मग दुसरा. मी मागं दोन हात पसरून उभी होते आणि हात लावत नव्हते. अंगणातून फाटकापर्यंत त्या चालत गेल्या. त्या माणसाच्या जवळ वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्यांनी आकडे सांगितले. बायकांकडं बघून म्हणाल्या, "ह्यो कुणाला सांगत नसत्यात."

मला इतका आनंद झाला की मी त्या माणसाला पाण्याऐवजी चहाच दिला.

खोकं मुलीनं आत आणलं. मी ते फडताळाकडं नेऊ दिलं नाही. घराच्या मधोमध फरशीवर ठेवलं, शेजारी खुर्ची मांडली, कारण खाली बसणं आता त्यांना जमत नाही. नवरा ड्यूटीवरून नुकताच आला होता, त्यालाही हात धुवायच्या आत बसवलं. सासूबाईंनी आमच्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. विळीनं चिकटपट्टी कापून त्यांनी पहिली वस्तू काढली.

"ही चादर. सांगितले साडेसहाशे, दिले चारशे." आम्ही मान हलवली. "ही बादली. सांगितले तीनशे, दिले दोनशे दहा, वर ह्यो मग फुकट." आम्ही आणखी जोरात मान हलवली.

खोकं रिकामं झालं. तरी त्यांचा हात सवयीनं तळाशी गेला आणि कोपऱ्यात चाचपडला. खोक्यात काय असणार? मी उठले आणि त्यांची जुनी बाजाराची पिशवी खुंटीवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. सकाळी बाजारातून गोडीशेव आणून मी तिच्या तळाशी ठेवली होती. घासाघीस करून घेतली होती, तेही सांगते. त्यांनी पुडी काढली आणि सोडली.

"घ्या," मी म्हणाले. "ज्यानं बाजार केला, त्याची पहिली मूठ."

त्यांनी मूठ भरली. तोंडाकडं नेली नाही. माझा हात ओढून घेतला आणि मुठीतली निम्मी शेव माझ्या तळव्यावर ओतली. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते.

मुलीनं हात पुढं केला. "आजी, मला?"

"थांब की जरा," सासूबाई म्हणाल्या. "आधी बाजार करणाऱ्या दोघींचं होऊ दे."